दादारावांची वाट मोकळी होती

बीडमध्ये माझ्याबद्दल दोन तक्रारी आहेत. एक म्हणजे हा डॉक्टर सत्काराची शाल घेत नाही, फार शिष्ट आहे. दुसरी, कॅन्सरचा रिपोर्ट हातात आला की हा रुग्णाला आधी प्रश्न विचारतो, "तुम्हाला सांगू, का घरच्यांना सांगू?" नातेवाईक भडकतात. "अहो डॉक्टर, पेशंटला कशाला विचारता, आम्ही आहोत ना!" म्हणतात. मीही भडकतो. माझा आवाज मोठा आहे, थिएटरमधल्या सिस्टर अजून त्याच्या नकला करतात. आता निवृत्त झालो, कात्री-चिमटे ठेवून दिले, म्हणून या दोन्ही गोष्टींचा उलगडा करून टाकतो. दोन्हींच्या मुळाशी एकच माणूस आहे.

आधी थोडं आमच्या धंद्याचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पोट म्हणजे जठर. त्याच्या तोंडाशी अन्ननलिका आणि बुडाशी लहान आतडं. जठराचा कॅन्सर बहुतेक वेळा बुडाशी, म्हणजे बाहेर पडायच्या दाराशीच होतो. गाठ वाढत जाते आणि दार बंद होतं. सकाळी खाल्लेली भाकरी संध्याकाळी जशीच्या तशी उलटून पडते. आमच्याकडची माणसं ओवा खातात, सोडा पितात, दोन-चार महिने पित्ताच्या गोळ्या खातात, आणि निम्मं वजन उतरल्यावर माझ्याकडे येतात. गाठ लवकर सापडली तर जठराचा तेवढा भाग काढून टाकता येतो आणि माणूस जगू शकतो. पण पोट उघडल्यावर यकृतावर पांढरे डाग आणि आतल्या पडद्यावर साबुदाण्यासारखे दाणे दिसले, की सर्जनचे हात जागीच थांबतात. गाठ काढली तरी रोग मागे राहणार.

अशा वेळी माणूस बरा करायचा नसतो, त्याचे उरलेले दिवस बरे करायचे असतात. गाठीतून रक्त वाहून माणूस पांढराफटक पडत असेल आणि अंगात ताकद असेल, तर रोग संपणार नाही हे माहीत असूनही कधीकधी जठर काढतात. माणूस फारच खंगला असेल तर लहान आतड्यात नळी बसवतात, तिच्यातून पातळ अन्न घालतात. एका आजीबाईच्या नळीत तिच्या लेकीनं मायेपोटी बाजरीची आंबील घातली, नळी अशी तुंबली की मला दोनदा बदलावी लागली. दुर्बिणीतून जाळीची नळी सरकवून दार उघडं ठेवायचीही सोय आहे, पण तेव्हा त्यासाठी पुण्याला जावं लागे. आणि चौथं म्हणजे बायपास. रस्ता खचला की गावकरी शेजारच्या शेतातून वाट काढतात ना, तसंच. लहान आतड्याचा एक वळसा वर ओढून गाठीच्या अलीकडे जठराला जोडायचा. गाठ तिथंच राहते, अन्न मात्र पलीकडे जातं. माणूस पुन्हा जेवायला लागतो. किती दिवस? काही महिने. कुणाला थोडे जास्त, कुणाला कमी.

दादाराव माझ्याकडे आले ते दुष्काळाच्या वर्षी, जून संपता संपता. नेकनूरच्या पुढचं गाव, नाव सांगत नाही. गावच्या सहकारी दूध सोसायटीचे ते सचिव. साठीचे, उंच, काटक, धोतर पांढरंशुभ्र. बरोबर त्यांची सून मंदा. दादारावांचा एकुलता एक मुलगा उसाच्या ट्रॅक्टरखाली सापडून गेला होता. मागे मंदा आणि तिच्या दोन लहान मुली. सासऱ्याला ती मामा म्हणायची.

त्यांच्या सोसायटीत मी पूर्वी एकदा आरोग्य तपासणीच्या निमित्तानं गेलो होतो. पहाटे लोक कॅन घेऊन रांगेत उभे. दादाराव प्रत्येकाच्या दुधात काचेची डिग्री, म्हणजे पाणी मिसळलंय का ते दाखवणारी नळी, सोडणार, बघणार, वहीत लिहिणार. फॅट मोजायचं मशीन मंदा फिरवायची. कुणाचं दूध नासलेलं निघालं तर दुसऱ्या कुणी ते सरळ गटारात ओतलं असतं. दादाराव तसं करत नसत. कॅन हातात धरून त्या माणसाकडं बघत विचारायचे, "नासलंय. ओतू का घरी नेता?" तो ओता म्हणाला तरच ओतायचे. मी म्हटलं, "अहो, नासलेलं दूध, त्यात विचारायचं काय?" तर म्हणाले, "साहेब, नासलेलं आसलं तरी दूध त्याचं हाय." मी हसलो होतो. हुशार होतो ना फार!

तपासणी झाली, दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आला, आणि मी पोट उघडलं. आत साबुदाणा. यकृतावर डाग. मी सिस्टरला म्हटलं, "संपलं." मग बायपास केला आणि पोट शिवलं. शिवण चांगली झाली होती. आमच्या धंद्यात हातातलं काम चांगलं झालं की बाकीचं वाईट थोडा वेळ विसरायला होतं.

बाहेर मंदा एकटीच उभी होती. मी सगळं सांगितलं. ती रडली नाही. पदर तोंडाला लावून म्हणाली, "डॉक्टरसाहेब, मामाला सांगू नका. पाया पडते."

"का गं?"

"ह्यांचे वडील हायत. हे गेले तवा मामा जेवायचे बंद झालते. वर्षभर. ताटावर बसायचे आन् उठायचे. आमी दोघी सासू-सुना हात जोडायचो. सासू त्याच झुरणीनं गेली. आता त्यांना हे कळलं, तर तुमी वाट काढून दिली काय आन् न दिली काय, त्ये जेवायचे न्हाईत."

तिचं बोलणं पटण्यासारखं होतं. शिवाय आमच्याकडे रुग्णाला न सांगणं हीच रीत. मीही शेकडो वेळा नाही सांगितलं. म्हटलं, "बरं. नाही सांगत."

इथपर्यंत ठीक होतं. पण मी तिथं थांबलो नाही. घरी सोडायच्या दिवशी दादाराव उठून बसले होते, धोतर नेसून तयार. मला त्यांनी एकच विचारलं, "साहेब, काय खाऊ?" बस्स. आजार कोणता, किती, काही नाही. मी मऊ भात, वरण, दूध, थोडं थोडं आणि पाच-सहा वेळा, असं सांगितलं. एवढं सांगून गप्प बसायला काय झालं होतं मला? पण नाही. माझ्या जिभेला हाड नाही. मी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "जुना अल्सर होता दादाराव. दार बंद झालं होतं, उघडून दिलं. आता दहा वर्षं बघायला नको!"

कुणी मागितली होती ही दहा वर्षं? कुणीच नाही. खिशात नसलेली वस्तू मी वाटून मोकळा झालो. मंदानं माझ्याकडं चमकून पाहिलं, मग खाली बघितलं. दादाराव मात्र एवढं हसले की टाके दुखले त्यांचे.

पुढचे तीन महिने ते दर पंधरवड्याला यायचे. वजन चढत होतं. पहिल्यांदा आले तेव्हा भात खात होते, मग पोळी, मग दुधात कुस्करलेली भाकरी. "साहेब, लई दिसानं भाकरीची चव लागली," म्हणाले. मला खरंच आनंद झाला. त्याच काळात पाऊस रुसला होता. जनावरं चारा छावणीत गेली, सोसायटीत येणारं दूध निम्म्यावर आलं. दादाराव त्याच्या काळजीत, स्वतःच्या नाही. मंदा येताना माझ्यासाठी वाटीभर खवा आणायची. तिच्याही चेहऱ्यावर जरा उजेड आला होता.

भाद्रपदात सोसायटीची वार्षिक सभा होती. ऊसतोडीला जाणारी माणसं गाव सोडण्याआधी सभा उरकायची, ही तिथली पद्धत. दसरा झाला की निम्मं गाव कारखान्याच्या फडावर. दादाराव स्वतः बोलवायला आले. "सायेब, तुमचा सत्कार हाय. न्हाई म्हनू नका." मी नाही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं.

शाळेच्या पटांगणात मंडप. समोर चारेकशे माणसं, एका बाजूला बायका. स्टेजवर चेअरमन, संचालक आणि मी. चेअरमननी शाल घातली, नारळ दिला, टाळ्या झाल्या. मग दादाराव माईकवर आले.

"मंडळी, ह्या डॉक्टरसाहेबांनी मला दुसरा जलम दिला. मी मेल्यात जमा होतो. माझ्या पोटातनं नवी वाट काढली त्यांनी." टाळ्या. "आता मेन मुद्द्याचं बोलतो. पाच नंबरचा ठराव हाय, आमच्या मंदाला सोसायटीचं सचिव करायचा. मीच द्यायला लावला होता. जेष्ठापासून उलट्या होत होत्या, म्हनलं आपलं काय खरं न्हाई, आपल्या माघारी ह्या पोरीला ही खुर्ची मिळावी. सगळं काम तिला येतं. काही लोकांना बाईमाणूस चालत न्हाई, पण मी उभा राह्यलो तर सभा न्हाई म्हणणार न्हाई, हे मला ठाऊक हाय."

मी मान डोलावत होतो. चांगला माणूस, किती दूरचा विचार करतो, असं मनात म्हणत होतो. मग ते माझ्याकडं वळले.

"पण आता डॉक्टरसाहेबांनी दहा वर्षांची ग्यारंटी दिलीय मला. तवा गडबड कशाला? सूनबाई अजून लहान हाय, शिकू द्या. सोसायटी आडचणीत हाय, दुष्काळ हाय, आशा टायमाला मीच खुर्ची सोडनं बरोबर न्हाई. तवा पाच नंबरचा ठराव मी मागं घेतो."

अरे देवा! टाळ्या वाजत होत्या, आणि चेअरमन सगळ्यांत जोरात वाजवत होते. त्यांचा पुतण्या त्या खुर्चीसाठी दोन वर्षं टपून बसला होता, हे मला येतानाच ड्रायव्हरनं सांगितलं होतं. पुढची सभा वर्षानं. वर्षानं दादाराव कुठून असणार? ही पोरगी, तिच्या दोन मुली, आणि ती खुर्ची! माझ्या एका फाजील वाक्यानं, कुणी न मागितलेल्या दहा वर्षांनी, मी त्या पोरीच्या तोंडचा घास काढून घेतला होता. शाल अंगावर आगीसारखी लागायला लागली.

मी बायकांच्या बाजूला बघितलं. मंदा उभीच होती. तिची माझ्याशी नजरानजर झाली. तिनं हळूच मान हलवली. एकदा. नाही.

तिला सगळं कळत होतं. खुर्ची गेली तर गेली, मामा जेवू देत, असं ती सांगत होती. मी तेव्हा तिचं ऐकायला हवं होतं का? मला अजून ठरवता येत नाही. पण तेव्हा माझ्या डोक्यात फक्त माझी चूक होती, आणि ती दुरुस्त करायची घाई. सर्जनला टाका चुकलेला दिसला की हात शिवशिवतात. मी उठलो, दादारावांचा दंड धरला आणि "जरा दोन मिनिटं" म्हणून त्यांना मंडपामागच्या सोसायटीच्या खोलीत नेलं. रिकामे कॅन उपडे घातलेले होते, आंबूस वास होता.

"ठराव मागे घेऊ नका," मी म्हटलं.

"कावून?"

मी सांगितलं. एका दमात, माझ्या नेहमीच्या मोठ्या आवाजात नाही, पण सगळं सांगितलं. अल्सर नाही. गाठ काढलेली नाही. दहा वर्षं नाहीत. दिवाळी बघाल, संक्रांतीचं मी सांगू शकत नाही.

ते कॅनवर टेकले. बाहेर चेअरमन ताळेबंद वाचत होते, त्यांचा आवाज येत होता. दादारावांनी एकच विचारलं.

"मंदाला ठाऊक हाय?"

"हो. पहिल्या दिवसापासून."

"आस्सं."

माझी शाल खांद्यावरून घसरून खाली पडली होती. ती त्यांनी उचलली, झटकली, नीट चौघडी घातली आणि कॅनवर ठेवली. मग उठले, तोंडावर पाण्याचा हबका मारला आणि बाहेर जाऊन माईक हातात घेतला.

"मंडळी, मघाशी बोललो ते रद्द. पाच नंबरचा ठराव मी मांडतो."

"आवो दादाराव, हे काय चालवलंय?" चेअरमन ओरडले. "आत्ता मागं घेतला की!"

"सभा संपलेली न्हाई चेअरमनसाहेब. हात वर करा मंडळी."

त्या माणसानं तीस वर्षं त्या गावाचं दूध घेतलं होतं, एकालाही न फसवता. हात वर झाले. बायकांच्या बाजूचे तर सगळेच. चेअरमननी मोजायचं नाटक केलं आणि मंजूर म्हणून टाकलं. सगळे मंदाकडं बघून टाळ्या वाजवत होते. मंदा माझ्याकडं बघत होती. ती नजर मी कधी विसरणार नाही.

नंतर जेवणं होती. दुष्काळ म्हणून भात, वरण आणि थोडी बुंदी. दादारावांनी पंगतीत फिरून सगळ्यांना आग्रह केला. मग माझ्या शेजारी बसले. त्यांच्या पत्रावळीवर भात तसाच राहिला. "जेवा की," मी म्हटलं.

"भरलंय पोट," ते म्हणाले.

मी गाडीत बसलो तेव्हा खूश होतो, हे लिहायला आज लाज वाटते. शाल तिथंच विसरलो होतो. पण एक अन्याय वेळेवर निस्तरला, या नादात मी घरापर्यंत ड्रायव्हरशी गप्पा मारत आलो.

तीन आठवड्यांनी मंदा त्यांना घेऊन आली. मी हादरलोच. गाल बसलेले, जीभ कोरडी, धोतर कमरेवर थांबेना. मला वाटलं, जोड बंद पडला, गाठ वाढून वाट अडली. औषध पाजून एक्स-रे काढले. एकेक फिल्म उजेडात धरून बघितली. औषध जठरात उतरत होतं, जोडातून सरळ आतड्यात जात होतं, कुठं थेंबभरही अडत नव्हतं. माझं काम उत्तम होतं. वाट मोकळी होती. माणूस जेवत नव्हता.

"दादाराव, खात का नाही?" मी जवळजवळ ओरडलोच.

"साहेब, रागावू नका. घास खाली उतरत न्हाई आसं न्हाई. हात वर जात न्हाई. घास उचलला की आठवतं."

"मग नळी बसवू. आतड्यात. पातळ दूध, पेज..."

ते हसले. "आयुष्यभर मी लोकांचं दूध मोजलं. आता मला मोजून घालता व्हय? न्हाई साहेब. ऱ्हाऊ द्या."

ते घरी गेले. शेवटपर्यंत खाटेवर पडून मंदाला सोसायटीचं काम समजावून सांगत होते म्हणे. दिवाळी त्यांनी बघितली नाही. गेले तेव्हा निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं, खांदा द्यायला छावणीवरून माणसं बोलवावी लागली. गाठीनं त्यांना अजून वेळ दिला असता, हे मी डॉक्टर म्हणून सांगतो. कमीत कमी काही आठवडे. आणि ते आठवडे त्यांनी दुधात भाकरी कुस्करून खाल्ली असती.

तेराव्यानंतर मंदा दवाखान्यात आली. बाहेर पेशंटची गर्दी होती, ती तिच्या नंबराला आत आली. पिशवीतून शाल काढून टेबलावर ठेवली. तीच चौघडी होती.

"तुमची तिथंच ऱ्हायली होती."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "काम जमतंय ना?"

"जमतंय. खुर्ची तुमच्यामुळं मिळाली, न्हाई म्हणत न्हाई. पोरींचं भागंल. एक इचारू? सभंच्या दिवशी मामांनी तुमाला इचारलं होतं का, मला काय झालंय म्हणून?"

"नाही."

"आन् आधी, दहा वर्षं म्हणालात तवा?"

"तेव्हाही नाही." मग माझ्या तोंडून निघून गेलं, "पण तेव्हा तूच म्हणाली होतीस ना, सांगू नका म्हणून!"

"म्हणलं होतं," ती म्हणाली. "मी पण न्हाई इचारलं त्यांना. म्हणून तर तुमच्याकडं आले. दुसऱ्या कुणापुढं बोलू?"

ती उठली, पदर सावरला. दाराशी जाऊन थांबली.

"मामा नासलेलं दूध सुदीक इचारल्याबिगर ओतायचे न्हाईत, डॉक्टरसाहेब," ती म्हणाली आणि पुढच्या पेशंटला वाट द्यायला बाजूला झाली.